अंगावरून वारं गेलं, तर आधी डोक्याचा फोटो कशाला?



ऊसतोड चालू असते, किंवा पहाटे कुणी पाणी धरायला उठलेले असते, आणि धडधाकट माणसाचे तोंड एकाएकी वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते. आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. मग कुणी तेल चोळतो, कुणी गावठी औषधवाल्याचे नाव काढतो, कुणी म्हणतो सकाळपर्यंत बघू. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आधी सी.टी. स्कॅन सांगतात, तेव्हा घरची माणसे विचारतात, "हात गेलाय, डोक्याचा फोटो कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण विहिरीवरची मोटार चांगली असली तरी खांबावरची तार तुटली की पाणी येत नाही. हाताचे तसेच. बिघाड मेंदूत असतो, आणि तो दोन तऱ्हेचा. एक तर रक्ताची गुठळी अडकून रक्तवाहिनी तुंबते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडते. पाटात गाळ अडकणे वेगळे आणि पाट फुटणे वेगळे. बाहेरून मात्र दोन्ही रोगी सारखेच दिसतात. नाडी बघून भल्याभल्या डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. आणि उपचार तर एकमेकांच्या उलट! गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर जीवच जायचा.

साधा एक्स-रे इथे कामाचा नाही. ती एका बाजूने पाडलेली सावली. त्यात कवटीचे हाड दिसते, आतला मेंदू नाही. सी.टी.मध्येही किरण तेच, पण त्यांची नळी डोक्याभोवती गोल फिरते. समोरच्या बाजूला किती किरण पार झाले ते शेकडो कोनांतून मोजले जाते. त्या आकड्यांवरून संगणक आतल्या प्रत्येक कणाची दाटी काढतो आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशी चित्रे पुढे ठेवतो. या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००. मेंदू साधारण ३० ते ४०, तर ताजे गोठलेले रक्त ५० ते ८०. फरक एवढासा, पण रक्त पांढरे उठून दिसते.

हे यंत्र काढणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायरमधले शेतकऱ्याचे चिरंजीव. शेतावरच्या यंत्रांशी खटपट करीत वाढले. त्यांच्या पहिल्या प्रयोगात एका चित्राची मोजणी व्हायला ९ दिवस लागले होते! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र निघाले, आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आता तेच काम काही सेकंदांत होते.

खरी अडचण वेळेची. गुठळीचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही जितके लवकर तितके बरे. तालुक्याला जाऊन, तिथे यंत्र नाही म्हणून पुन्हा जिल्ह्याला जाण्यात हे तास संपतात. म्हणून १०८ला फोन करतानाच सी.टी. कुठे आहे ते विचारा. वाटेत पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. घास श्वासनळीत जातो, आणि रक्त पातळ करणारी गोळी रक्तस्रावात घातकच.

आणखी एक. गुठळी असेल तर पहिल्या काही तासांत सी.टी. पुष्कळदा स्वच्छ दिसतो. त्यावरून "फुकट पैसे गेले, काहीच निघालं नाही" म्हणून रोग्याला घरी आणू नये. रक्त सांडलेले नाही, हेच तर डॉक्टरला हवे असते. त्यावरच इंजेक्शन ठरते. एम.आर.आय.मध्ये गुठळीची इजा लवकर दिसते, पण त्याला वेळ जास्त लागतो आणि ते यंत्र सगळीकडे नाही.

घरून निघताना रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला, ते घड्याळाप्रमाणे कागदावर लिहून न्या. रात्री चांगला झोपला आणि पहाटे लुळा उठला, तर डॉक्टर झोपण्याची वेळ धरतात. चालू गोळ्यांची पाकिटेही पिशवीत टाका.