महामारींतील यहुदी विवाह व ‘काळें लग्न’

२०२० सालच्या मार्च महिन्यांत, कोरोनाच्या साथीचें भय जगभर पसरलें असतां, इस्राएल देशांतील ब्ने-ब्राक या शहरीं एका जोडप्याचें लग्न दफनभूमींत, थडग्यांच्या शेजारीं लावण्यांत आलें. अनेकांनीं ही बातमी एक विलक्षण प्रकार म्हणून वाचली. वस्तुतः त्यांत नवें कांहीं नव्हतें. पूर्व युरोपांतील यहुदी समाजांत पटकीच्या दिवसांत ही चाल चांगली रूढ होती, व यिद्दिश भाषेंत तिला ‘श्वार्त्से खासेने’ म्हणजे ‘काळें लग्न’ असें नांव आहे. त्याच आठवड्यांत दुसरीकडे अनेक सामान्य यहुदी वधूवरें आपल्या ठरलेल्या लग्नाची तारीख, जागा आणि माणसें यांचा हिशेब पुनः पुनः मांडीत होतीं. हीं दोन्ही लग्नें साथींतलींच. परंतु त्यांचा मूळ विचार एक नाहीं. एकांत साथ असूनही वधूवरांचें लग्न पार पाडावयाचें असतें; दुसऱ्यांत साथ जावी म्हणून वधूवरांना उभें करावयाचें असतें. हा भेद सहसा ध्यानांत घेतला जात नाहीं, म्हणून तो येथें थोडा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. यहुदी धर्मशास्त्राचा जो मोठा संग्रह तालमूद, त्यांत विवाहपत्राच्या नांवानें ‘केतुबोथ’ हें एक प्रकरण आहे. त्याच्या आरंभींच कुमारिकेचें लग्न बुधवारीं व विधवेचें गुरुवारीं व्हावें असें सांगितलें आहे. परंतु लगेच पुढें अशी नोंद येते कीं, संकटाचा काळ आल्यापासून लोक मंगळवारीं लग्नें करूं लागले आणि पंडितांनीं त्यांना हरकत केली नाहीं. संकटांत लग्न अलीकडे आणतां येतें, याला हा जुना आधार होय. याहून अधिक बोलका प्रसंग त्याच ठिकाणीं आहे. भाकरी भाजून तयार आहे, जनावर कापलें आहे, द्राक्षारस सिद्ध आहे, आणि इतक्यांत वराचा पिता किंवा वधूची माता मरण पावली, तर काय करावें? उत्तर असें कीं, प्रेत एका खोलींत ठेवावें, वधूवरांना विवाहमंडपाखालीं न्यावें, लग्न पुरें करावें, मग प्रेताची मूठमाती करावी. आधीं सात दिवस मंगलाचे, नंतर सात दिवस सुतकाचे. हा नियम वराच्या पित्यापुरता व वधूच्या मातेपुरताच कां, याचें कारणही दिलें आहे: या दोघांनंतर त्या वधूवरांसाठीं पुनः एवढी खटपट करणारें कोणी उरत नाहीं. शिजवावयास घेतलेलें मांस वायां जाईल, याचाही विचार तेथें केलेला आहे. धर्मशास्त्राच्या पोटांत असा घरगुती व्यवहार पाहिला म्हणजे नियम करणारे लोक लग्नघरांत वावरलेले होते, अशी खात्री पटते. त्याच प्रकरणांत पुढें, वधूची मिरवणूक व प्रेतयात्रा एका वाटेवर समोरासमोर आल्यास प्रेतयात्रेनें बाजूस व्हावें, असेंही सांगितलें आहे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. साथ व विवाह यांचा संबंध यहुदी पंचांगांतच कायमचा नोंदलेला आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवीन वाटेल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील प्रख्यात रब्बी अकिवा यांचे चोवीस हजार शिष्य वल्हांडण (पेसाह) व सप्ताहांचा सण यांच्या दरम्यान मरण पावले, अशी तालमुदांत कथा आहे. रोगाचें नांव ‘अस्कारा’ असें दिलें असून, तो घटसर्पासारखा घशाचा रोग असावा असें सामान्यतः मानितात. आंकडा अर्थातच अक्षरशः घ्यावयाचा नव्हे. परंतु पुढील काळांत या एकूणपन्नास दिवसांत, ज्यांस ‘ओमेर’ म्हणतात, लग्न न करण्याची रीति पडली. मात्र बहुतेक ठिकाणीं तेहतिसावा दिवस मोकळा धरतात. म्हणजे एका जुन्या साथीच्या स्मरणार्थ दरवर्षीं लग्नें थांबतात. २०२० सालीं वल्हांडणाचा सण ८ एप्रिलच्या सायंकाळीं लागला, तेहतिसावा दिवस १२ मे रोजीं आला, व सप्ताहांचा सण २८ मेच्या सायंकाळीं. त्यांतून सुटतां सुटतां ९ जुलैपासून ३० जुलैपर्यंत यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे तीन आठवडे, त्यांतही लग्न वर्ज्य. त्यामुळें मार्चमधील लग्न ‘थोडें पुढें ढकलूं’ असें म्हणणाऱ्याच्या हातीं प्रत्यक्षांत फार थोडे दिवस लागत. पुष्कळांनीं वल्हांडणापूर्वींच घाईनें, घराच्या अंगणांत किंवा गच्चीवर लग्न उरकून घेतलें, याचें कारण केवळ उतावळेपणा नव्हे.

आतां काळ्या लग्नाकडे वळूं. पटकीची पहिली जगव्यापी साथ १८१७ सालीं बंगाल्यांतून निघाली. त्या रोगानें पुढें १८३०-३१ च्या सुमारास रशियाचें साम्राज्य व पोलंड गांठलें, व त्या शतकांत तो तेथें वारंवार परत आला. झारच्या राज्यांत यहुद्यांस पश्चिमेकडील कांहीं प्रांतांतच राहण्याची परवानगी असे. तेथील लहान लहान गांवांत दाटीनें वस्ती, पाण्याची सोय वाईट, वैद्य दुर्मिळ. उपवास, प्रार्थना, दानधर्म झाले, दफनभूमीभोंवतीं सूत गुंडाळून तिचें माप घेऊन झालें, तरी रोग हटेना, तेव्हां गांवचे प्रमुख लोक एका लग्नाचा घाट घालीत. वधू व वर गांवांतल्या अगदीं निराधार लोकांमधून निवडले जात: पोरकीं, भिकारी, लंगडीं, आंधळीं, कधीं बुद्धीनें मंद अशीं माणसें. त्यांचे कपडे, हुंडा, संसाराचें साहित्य यांसाठीं वर्गणी जमवीत. मग सगळा गांव वाजतगाजत दफनभूमीकडे निघे. थडग्यांमध्यें चार काठ्यांवर वस्त्राचें छत, म्हणजे ‘हुप्पा’, उभारीत. धर्मविधि नेहमींसारखा होई, आणि नंतर त्याच जागीं नाचही होई.

याची उपपत्ति दोन प्रकारें देतात. गरीब मुलीचें लग्न लावून देणें हें यहुदी धर्मांत मोठें पुण्य, आणि दान मरणापासून सोडवितें हें वचन सर्वांच्या तोंडीं. तेव्हां मरणाच्या दारीं हें दान करावें, ही एक. दुसरी अशी कीं, लग्न पितरांच्या समक्ष लागलें म्हणजे ते प्रसन्न होऊन देवापाशीं रदबदली करतील. दोन्ही समजुती भाविक आहेत. परंतु निवड कोणाची होई इकडे लक्ष दिल्यास तिसरी गोष्ट दिसल्यावांचून राहत नाहीं. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी पाहत नसे त्यांच्याच माथीं त्या दिवशीं सगळ्या गांवाचें अरिष्ट येई. नातान मेअर यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत पूर्व युरोपांतील या उपेक्षित यहुदी वर्गाचा इतिहास दिला आहे. तो वाचतांना काळें लग्न हें दान किती व बळी किती, हा प्रश्न वारंवार मनांत उभा राहतो. आमच्या खेड्यांतून मरीआईचा गाडा वाजतगाजत गांवच्या शिवेपार नेऊन सोडीत, त्याची येथें आठवण होते. फरक इतकाच कीं, त्या गाड्यावर लाकडाची मूर्ति असे.

यिद्दिश लेखकांना हा प्रश्न दिसला होता. मेंदेले मोखेर स्फोरिम या नांवानें लिहिणारे अब्रामोविच यांची ‘फिश्के लंगडा’ ही कथा प्रथम १८६९ सालीं निघाली. पटकीच्या वेळीं गांवांतल्या लुळ्यापांगळ्यांना गांठून दफनभूमींत त्यांचीं लग्नें लावण्याचा तीमध्यें उपहासानें उल्लेख आहे, आणि तो उपहास वधूवरांचा नसून गांवाचा आहे. पुढें १९४५ सालीं आयझॅक बाशेविस सिंगर यांनीं लिहिलेल्या ‘गिंपेल’ या कथेंत पोरक्या नायकाचें लग्न हगवणीची साथ चालू असतां दफनभूमीच्या वेशीपाशींच लागतें. तेथें तर वराची इच्छा विचारण्याचा नुसता देखावा होतो. तथापि दुसरी बाजूही सोडतां येत नाहीं. ज्या मुलीला हुंड्यावांचून कधींच वर मिळाला नसता तिला घर मिळे. ज्या पांगळ्याला कोणी मुलगी देत नसे त्याला सोबत मिळे. म्हणून प्रत्येक काळें लग्न हा जुलूमच होता असें विधान करणें धाडसाचें होईल.

येथें एका योगायोगाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. १८९२ सालीं रशियांत पटकीनें पुनः हाहाःकार केला. त्याच वर्षीं १८ जुलै रोजीं, त्याच साम्राज्यांतील ओडेसा शहरीं जन्मलेल्या एका यहुदी शास्त्रज्ञानें पॅरिस येथें पटकीची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. हे वाल्देमार हाफकिन होत. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले, १८९६ च्या प्लेगांत मुंबईस बोलाविले गेले, व १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं प्लेगची लसही प्रथम आपल्यावरच वापरून पाहिली. परळ येथील संस्था आज त्यांचेंच नांव चालवीत आहे. साथीचें संकट कोणी आपल्या अंगावर घ्यावें, या प्रश्नाला एकाच समाजांतून निघालेलीं हीं दोन उत्तरें आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्व युरोपांतून लाखों यहुदी अमेरिकेंत गेले, व त्यांच्याबरोबर ही चालही गेली. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. तिलाच आमच्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. फिलाडेल्फिया शहरांत २८ सप्टेंबर रोजीं युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं प्रचंड मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रोग भडकला. ऑक्टोबरच्या मध्यास एकाच आठवड्यांत चार हजारांहून अधिक माणसें दगावलीं. शाळा, नाटकगृहें, प्रार्थनामंदिरें बंद झालीं. अशा स्थितींत २० ऑक्टोबर रोजीं, रविवारीं, कॉब्स क्रीकजवळच्या यहुदी दफनभूमींत थडग्यांच्या पहिल्या रांगेपाशीं एक लग्न लागलें व त्यास हजारावर लोक जमले. कॅनडांतील विनिपेग शहरीं १० नोव्हेंबर रोजीं, महायुद्ध थांबण्याच्या आदल्या दिवशीं, असेंच लग्न झालें. तेथेंही गर्दी हजाराच्या वर होती, आणि बघ्यांमध्यें ख्रिस्ती लोकही होते. रोगाचा प्रसार गर्दीनें होतो हें आरोग्यखातें सांगत असतां रोग हटविण्यासाठीं गर्दी जमावी, ही विसंगति त्या वेळींही कित्येकांना खटकली असेल.

साथ मग ओसरली, व पुष्कळांनीं त्याचें श्रेय लग्नाला दिलें. यांत नवल नाहीं. असा टोकाचा उपाय लोक सुचवितात तो रोग शिगेला पोंचल्यावर; आणि शिगेनंतर उतार ठरलेला असतो. फिलाडेल्फियाचें लग्न लागलें तेव्हां मृत्यूंचा सर्वांत वाईट आठवडा उलटून गेला होता.

२०२० सालच्या सामान्य वधूवरांपुढील अडचणी याहून निराळ्या, व अधिक बारीक होत्या. यहुदी विवाहास वराकडून वधूला अंगठी दिली जात असतां ती पाहणारे दोन योग्य साक्षी लागतात. आणि मंडपांतील सात आशीर्वाद म्हणावयास, सनातन मतानें, दहा प्रौढ पुरुष लागतात. इस्राएल सरकारनें मार्चच्या मध्यास दहापेक्षां अधिक माणसें जमूं नयेत असा निर्बंध घातला. दोन्हीकडे आंकडा दहाचाच! वर स्वतः त्या दहांत धरला जातो, असें तालमुदांत स्पष्ट आहे. पण वधू धरली कीं अकरा होतात, आणि वधूची आई धरली कीं बारा. दहा पुरुष न मिळाल्यास लग्न रद्द होत नाहीं, मात्र आशीर्वादांवांचून लग्न ही कल्पना कोणालाच रुचणारी नव्हती. दूरच्या आप्तांनीं यंत्राच्या पडद्यावर सोहळा पाहिला. तरी साक्षी मात्र प्रत्यक्ष समोरच हवेत, असेंच बहुतेक रब्बींचें मत पडलें.

लग्नानंतरच्या सात दिवसांची अडचण तर मार्मिक आहे. या दिवसांत जेवणानंतर तेच सात आशीर्वाद पुनः म्हणावयाचे, तर पंक्तीला प्रत्येक दिवशीं एक तरी ‘नवें तोंड’, म्हणजे लग्नाच्या जेवणास न आलेला पाहुणा, असावा लागतो. शब्बाथाचा दिवस स्वतःच पाहुणा मानला जातो. बाकीच्या दिवशीं माणूसच हवें. रोज एक नवा माणूस घरांत घ्यावा असें शास्त्र म्हणे, आणि नेमकी तीच एक गोष्ट करूं नये असें वैद्य म्हणत. कित्येक घरीं म्हणून ते आशीर्वाद गाळून नवदांपत्य एकटेंच जेवलें.

तथापि नियम झुगारून गर्दी करणारेही निघाले. न्यूयॉर्कच्या ब्रूक्लिन भागांत विल्यम्सबर्ग येथें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एका लग्नास हजारों लोक जमले, व शहरानें त्याबद्दल पंधरा हजार डॉलर दंड केला. संकटांत लग्न अडूं नये या जुन्या नियमाचा आधार अशा समारंभाला देतां येणार नाहीं. तो नियम वधूवरांच्या हितासाठीं आहे, मेजवानीच्या आकारासाठीं नव्हे.

इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीनें या सगळ्यांतील टिकणारा कागद म्हणजे विवाहपत्र, केतुबा. त्यांत वार, महिना, सृष्टीपासूनचें वर्ष आणि गांव हीं लिहावींच लागतात, आणि लग्नाच्या आधींची तारीख घातलेला लेख चालत नाहीं. मागची मिति घातलेला दस्तऐवज यहुदी कायद्यांत अग्राह्य आहे. अनेकांनीं हौसेनें चित्रकाराकडून सुंदर केतुबा आधींच करून घेतल्या होत्या. तारीख हलली, किंवा कार्यालयाचें गांव सुटून लग्न आजीच्या अंगणांत दुसऱ्या गांवीं लागलें, कीं ती चित्रित प्रत भिंतीवर टांगण्यापुरती उरे, आणि साध्या कागदावर नवी लिहावी लागे. त्या साध्या प्रतींत साथीचें नांव नसतें. वधूचें देणें, म्हणजे कुमारिकेचे दोनशें झूझ, ठरल्या शब्दांत असतें, व खालीं साक्षींच्या सह्या. पुढें कोणाच्या हातीं अदार ५७८० चा असा कागद पडला, आणि त्यांतील गांवीं दोन्ही घराण्यांपैकीं कोणाचेंच राहणें नव्हतें असें त्याला दिसलें, तर त्यानें त्या वसंत ऋतूचे सरकारी हुकूम शेजारीं ठेवून तो वाचावा.