प्रीतिसंगमाच्या गावात, पन्नाशीनंतर

कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या. एकाच डोंगरावर जन्मल्या आणि दोघींनी दोन वाटा धरल्या. कृष्णा वाईवरून खाली उतरली. कोयना मोठा वळसा घालून पाटणवरून आली. आणि कऱ्हाडात दोघी अगदी समोरासमोर भेटल्या! म्हणूनच आमच्या गावातल्या या संगमाला म्हणतात प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे, त्यामुळे बाहेरगावचे पाहुणेही कायम येत असतात. आम्हा गावातल्या पोरांना मात्र लहानपणी या नावाचं नुसतं हसू यायचं.

‘आम्हा’ म्हणजे मी आणि तो. एकाच गल्लीत घरं, एकाच वर्गात बाकं. त्याने मला तासाच्या भाड्याने आणलेली सायकल शिकवली, मी त्याला बीजगणित. पूर आला की सगळी गल्ली संगमावर लोटायची, त्यात आम्हीही. प्रेमबिम काही नव्हतं हो! दहावीनंतर तो डिप्लोमाला गेला, पुढे नोकरीसाठी गुजरातेत. माझं विसाव्या वर्षी लग्न झालं, तेही गावातल्या गावात. मग तीस वर्षं ना पत्र, ना फोन.

माझे यजमान जाऊन सात वर्षं झाली. त्याची बायकोही आजारपणात गेली आणि तो वडिलांसाठी गावी परतला. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, स्नेहसंमेलन ठरलं. तिथे सगळ्यांनी मला ‘काळजी घे’ म्हटलं. त्याने विचारलं, ‘ए, परीक्षेच्या आधी अजून पोटात दुखतं का गं तुझ्या?’

मैत्रिणींनो, त्या एका प्रश्नाने मी हलले. कारण काय सांगू? आजूबाजूच्या सगळ्या माणसांना मी कुणाची तरी कोणीतरी म्हणूनच माहीत होते. सून, वहिनी, आई, काकू. आणि आता ‘बिचारी’! त्याला मी या सगळ्याच्या आधीची माहीत होते. दोन वेण्यांची, भांडकुदळ, गणितात पहिली येणारी. ती मुलगी अजून आहे, हे मलाच त्याच्याशी बोलताना कळलं. पंचवीस वर्षं मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणत आले. याला ‘अहो’ म्हणायला जीभच वळत नाही!

पण छोट्या गावात गोष्ट दोघांची कुठे राहते? ‘काय वहिनी, हल्ली फिरायला संगमावर वाटतं?’ असं मंडईत मला विचारलं गेलं. त्याला कुणी विचारलं नाही. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये आपल्या मित्राच्या विधवा बहिणीशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. आज बहिष्कार कोणी टाकत नाही. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं राहतं, एवढंच.

लेक पुण्याला असते. ती म्हणाली, ‘आई, लग्न कशाला? नुसतं एकत्र राहा ना!’ तिचंही चूक नाही. पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ निघालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आणि तिच्या बोलण्यामागे हिशेब होता. यजमान खासगी कारखान्यात होते. त्यांच्या पीएफच्या पेन्शन योजनेत विधवेला पेन्शन मिळते ती पुनर्विवाह होईपर्यंतच. लग्न केलं की माझी पेन्शन बंद! रक्कम लहान आहे, पण महिन्याच्या महिन्याला माझ्या नावावर येते. बाईला अशा पैशाची किंमत काय असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चार रात्री झोप लागली नाही. शेवटी ठरवलं, पेन्शन गेली तरी चालेल. उद्या दवाखान्यात ‘पेशंट तुमचे कोण?’ विचारलं तर मला अडखळायचं नाही. माझे पोळीभाजीचे डबे मात्र चालूच राहणार, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

खरा प्रश्न होता सासूबाईंचा. वय ७८, एकुलता एक मुलगा गेलेला. गेली सात वर्षं आम्ही दोघीच एकमेकींना आहोत. त्यांना सांगितलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘तू गेलीस की मी कुणाकडं बघू?’ मला रडूच फुटलं. त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मग तूच कशाला निघतेस? आम्ही बापलेक येतो की तिकडे!’

नवऱ्याच्या घरात नव्या नवऱ्याला आणायचं? लोक काय म्हणतील? तेव्हा वकिलीणबाईंनी समजावलं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवरा इच्छापत्र न करता गेला, तर त्याच्या मिळकतीत आई, बायको आणि मुलं यांना सारखा वाटा. तो वाटा एकदा मिळाला की नंतर लग्न केलं म्हणून हातचा जात नाही. म्हणजे घर आम्हा तिघींचं! सासूबाईंचं, माझं आणि लेकीचं. तिघींनी बसून ठरवलं, चहा झाला आणि विषय मिटला.

माझ्यासारखं कुणाच्या मनात असेल तर एक सांगते. मनाचं मनाने ठरवा, पण कागदांचं कागदावरच ठरवा. पेन्शनचे नियम आधी वाचा, घराचे उतारे काढा, दोघांनीही इच्छापत्र करा. मुलांना बाहेरून कळायच्या आत स्वतः सांगा. आणि गावाला? गावाला आपोआप कळतं!

आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करतोय. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात आणि तीस दिवस थांबावं लागतं. त्यातले अकरा झाले. रोज कुणी ना कुणी ‘पाहिली हं तुमची नोटीस!’ म्हणून जातं. साक्षीदार तीन लागतात. दोघे शाळेतलेच आहेत. तिसरी सही सासूबाई करणार म्हणतात. हात थरथरतो म्हणून सध्या रोज दुपारी डब्यांच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, सही गिरवत बसलेल्या असतात.