सहा दिवस नेटवर्क नाही : सॅमन नदीवरचं राफ्टिंग, मासेमारी आणि एक न सुटलेला प्रश्न

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याचा सूर मुद्दामच तसाच ठेवलाय.)

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक प्रश्न. सलग सहा दिवस फोनला रेंज नाही, चार्जिंग नाही, रस्ता नाही, दुकान नाही, असं तुम्ही शेवटचं कधी राहिलात? आज आपण अशाच एका ट्रिपबद्दल बोलणार आहोत.

राफ्टिंग म्हटलं की आपल्याला कोलाड आठवतं. सकाळी वीजकेंद्रातून कुंडलिकेत पाणी सोडतात, आपण लाइफ जॅकेट घालून राफ्टमध्ये बसतो, दोन-अडीच तास ओरडून घेतो आणि दुपारी जेवायला हजर. मजा येतेच. पण तिथे नदी किती वाहणार हे वीजकेंद्र ठरवतं. जिथे हे कुणीच ठरवत नाही अशा नदीवर आज जाऊया.

ही नदी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात आहे. नाव मिडल फोर्क, म्हणजे सॅमन नदीची मधली शाखा. बाउंड्री क्रीक या ठिकाणी राफ्ट पाण्यात सोडायची आणि मुख्य सॅमन नदीच्या संगमापर्यंत जायचं. अंतर सुमारे १६० किलोमीटर. वाटेत छोटे-मोठे मिळून शंभराच्या आसपास रॅपिड्स लागतात, म्हणजे खडकांमधून उसळत जाणाऱ्या पाण्याचे टप्पे. बरेचसे अवघड टप्पे ग्रेड तीन आणि चारचे. नदी या अंतरात अडीच हजार फुटांहून जास्त खाली उतरते. त्यासाठी साधारण पाच-सहा दिवस लागतात.

परत फिरता येत नाही

सॅमन नदीचं जुनं टोपणनाव आहे 'रिव्हर ऑफ नो रिटर्न'. परत न फिरणारी नदी. कारण साधं होतं. लाकडी होड्या प्रवाहाबरोबर खाली जायच्या, पण त्या उलट वर आणणं शक्य नव्हतं. मिडल फोर्कवर आजही तेच आहे. इथे मोटरबोट चालत नाही. वरच्या भागात काठाने पायवाट आहे, पण बिग क्रीकपाशी ती नदीला सोडून जाते. पुढच्या दरीचं नावच 'इम्पासेबल कॅन्यन' आहे. दोन्ही बाजूंना कडे. तिथे शिरलात की बाहेर पडायचा रस्ता म्हणजे नदीच.

म्हणून गाइडचं पहिलं काम निघण्याआधीच सुरू होतं. तो पाण्याची पातळी बघतो. वर धरण नाही, त्यामुळे सगळा हिशोब बर्फाचा. मे-जूनमध्ये बर्फ वितळतो आणि नदी फुगते. मोजपट्टीवर पाणी सहा फुटांच्या वर गेलं की मुरलेले गाइडसुद्धा दोनदा विचार करतात. ऑगस्टमध्ये उलटं. वरच्या टप्प्यात पाणी इतकं कमी होतं की राफ्ट दगडांवर अडकतात. मग पाहुण्यांना छोट्या विमानाने ४० किलोमीटर खाली इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरवतात आणि तिथून सुरुवात करतात.

राफ्टवर काय चालतं

सामानासाठी वेगळी बोट असते, तिला स्वीप बोट म्हणतात. तिला बाजूला वल्ही नसतात. पुढे एक आणि मागे एक अशी दोन लांबलचक सुकाणं, आणि मधे उभा राहून ती वळवणारा एकच माणूस. तंबू, भांडी, खाणं सगळं तिच्यात. ती पुढे जाते. आपण संध्याकाळी पोचेपर्यंत कॅम्प लागलेला असतो.

पहिल्याच दिवशी वेल्व्हेट फॉल्स येतो. नाव मखमली, पण प्रकरण तसं नाही. हा धबधबा मोठ्या खडकामागे दडलेला आहे आणि जवळ जाईपर्यंत त्याचा आवाजच येत नाही. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाइडला मात्र आधीचं वळण पाठ असतं, आणि तो तिथूनच राफ्ट काठाला घ्यायला लागतो. गाइडला पैसे कशाचे देतो, असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

पाण्यात पडलात तर? हे कोलाडलाही उपयोगी पडेल, म्हणून नीट ऐका. पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला. जोरात वाहणाऱ्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला तर मागचं पाणी आपल्याला पुढे ढकलून खाली दाबतं. गुडघाभर पाण्यातही माणूस असा बुडू शकतो.

मासा पकडायचा आणि सोडायचा

आता मासेमारी. इथला मुख्य मासा म्हणजे कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली लालसर-केशरी पट्टा असतो, गळा चिरल्यासारखा, म्हणून हे नाव. खरं आमिष लावायला बंदी. दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा, म्हणजे 'फ्लाय', पाण्यावर अलगद टाकायचा. उन्हाळ्याच्या शेवटी काठावरचे नाकतोडे पाण्यात पडतात. तेव्हा नाकतोड्यासारखा फ्लाय टाकला की मासा वर झेपावतो.

आणि मग? मग तो सोडून द्यायचा. प्रत्येक ट्राउट. गळ एकच, तोही उलट्या काट्याशिवायचा, म्हणजे तोंड न फाटता निघतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होऊ शकतो. फोटो पटकन काढायचा. मासा दमला असेल तर त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरायचं. तो स्वतःहून निघून जातो.

'मग पकडायचा कशाला?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मासे घरी आणतात ते कालवणासाठी, असा आपला हिशोब! पण १९६० च्या दशकापर्यंत इथेही लोक पकडून खातच होते. मासे घटले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पकडा आणि सोडा' हा नियम आला, आणि कटथ्रोट पुन्हा वाढले. आज तिथे जो मासा तुमच्या गळाला लागतो, तो कदाचित आधी कुणीतरी सोडलेला असतो.

जंगल आपोआप जंगल राहत नाही

असे नियम बरेच आहेत. १९६८ मध्ये अमेरिकेने नद्या वाचवण्याचा कायदा केला. त्यात सुरुवातीलाच ज्या आठ नद्यांना संरक्षण मिळालं, त्यांत ही एक. १९८० मध्ये आजूबाजूचं २३ लाख एकरांहून मोठं रान संरक्षित झालं. पुढे त्याला आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांचं नाव दिलं गेलं.

उन्हाळ्यात दिवसाला ठरावीकच तुकड्या सोडतात. स्वतःच्या राफ्ट घेऊन जायचं तर सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि गटात जास्तीत जास्त २४ माणसं. शेकोटी लोखंडी ताटातच पेटवायची आणि राखसुद्धा बरोबर न्यायची. आणि हो, संडास! तोही डब्यात बंद करून सहाही दिवस बरोबर, शेवटपर्यंत. हसू येतं, पण विचार करा. दर उन्हाळ्यात हजारो माणसं त्याच वाळूवर झोपतात आणि तरी ती वाळू स्वच्छ असते.

कड्यांवर लाल रंगातली जुनी चित्रं दिसतात. ती इथल्या मूळ रहिवाशांची, शोशोनी लोकांपैकी तुकुदेका लोकांची. १८७९ च्या मोहिमेत अमेरिकन सैन्याने त्यांना इथून हुसकावलं. 'निर्मनुष्य रान' म्हणून आपण जे बघतो, ते काही अंशी निर्मनुष्य केलं गेलं, हेही लक्षात असू द्या.

नियम पुरत नाहीत तिथे

आता मूळ मुद्दा. या नदीचं नाव ज्या माशावरून पडलं, तो सॅमन इथे जन्मतो, समुद्रात जातो, तिथे मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा याच ओढ्यांमध्ये परततो. वाट हजार किलोमीटरहून खूप लांब, आणि सगळी चढाची. मिडल फोर्कवर एकही धरण नाही. पण खाली, स्नेक आणि कोलंबिया नद्यांवर त्याच्या वाटेत आठ धरणं आहेत. मोठ्या माशांना चढायला तिथे पाण्याच्या पायऱ्या बांधल्यात. अडचण पिल्लांची जास्त. पूर्वी बर्फाचं पाणी त्यांना वेगाने समुद्राकडे न्यायचं. आता त्यांना एकामागून एक संथ, कोमट जलाशय पार करावे लागतात. काही टर्बाइनमध्ये सापडतात, काहींना मोठे मासे आणि पक्षी खातात. इथला चिनूक सॅमन १९९२ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

मग धरणं पाडा? स्नेकवरची खालची चार पाडावीत, अशी नेझ पर्से आणि इतर मूळ जमातींची जुनी मागणी आहे. दुसऱ्या बाजूला त्या धरणांतून वीज मिळते आणि त्यांच्यामुळे गव्हाचे बार्ज आयडाहोतल्या लुइस्टनपर्यंत ये-जा करतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जमाती आणि राज्यांशी एक करार केला, जून २०२५ मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. प्रश्न जिथल्या तिथे.

ट्राउट नियमांनी वाचला, कारण तो याच नदीत राहतो. सॅमन नदीची हद्द ओलांडून जातो आणि नियम हद्दीपाशी थांबतात. सहा दिवस इतकं सांभाळून, राखही मागे न ठेवता तुम्ही उतरता. तरी ज्याच्या नावाची ही नदी, तो मासा तुम्हाला दिसेलच असं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही नदीवर राफ्टिंगला गेलात, तर गाइडला दोन प्रश्न नक्की विचारा. हे पाणी येतं कुठून? आणि पुढे जातं कुठे? उत्तरं आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!