भरावापलीकडची चिखलपट्टी : उरायासु आणि परिस्थितिकीचे उन्हाळी शिक्षण

टोकियोच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी, चिबा प्रांतात वसलेल्या उरायासु शहराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भूभाग समुद्रात भराव टाकून तयार झालेला आहे. १९६४ पासून चाललेल्या या कामामुळे साडेचार चौरस किलोमीटरांहून लहान असलेले कोळ्यांचे गाव सुमारे १७ चौरस किलोमीटरांचे शहर बनले आणि १९८३ मध्ये टोकियो डिस्नेलँडही याच नव्या जमिनीवर उभे राहिले. परिस्थितिकी, म्हणजे सजीवांचे परस्परांशी व भोवतालाशी असलेले संबंध तपासणारे शास्त्र, शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र या शहराचे मोल समजते ते तटबंदीपलीकडच्या सानबान्झे या उथळ चिखलपट्टीवर, जी भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते.

उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेऊन शिकवण्याची जपानी परंपरा जुनी आहे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी १८७७ च्या उन्हाळ्यात एनोशिमा येथे छोटी प्रयोगशाळा थाटली, तर १८८६ मध्ये टोकियो विद्यापीठाचे मिसाकी सागरी केंद्र स्थापन झाले. आज अशी विद्यापीठीय केंद्रे इतर विद्यापीठांच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठीही निवासी अभ्यासवर्ग चालवतात. ही केंद्रे बहुधा समृद्ध किनाऱ्यांवर असतात आणि ते योग्यच आहे. परंतु माणसाने बदललेल्या किनाऱ्याचे वाचन करायला शिकणे हा प्रशिक्षणाचा तितकाच आवश्यक भाग असून त्यासाठी उरायासुसारखी जागा अधिक शिकवते.

येथील कामाची रीत साधी पण कष्टाची असते. किनाऱ्यापासून पाण्याच्या दिशेने दोरी आखायची, ठरावीक अंतरावर चौकोनी चौकट ठेवायची, तिच्यातील चिखल ठरावीक खोलीपर्यंत काढून बारीक चाळणीतून धुवायचा आणि उरलेले किडे, खेकडे, शिंपले ओळखून मोजायचे. आपल्याकडील तिसऱ्यांची आठवण करून देणारे असारी शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातात, म्हणून त्यांची संख्या घटली की पाण्याची नितळताही घटते.

हे आकडे अर्थपूर्ण होतात ते ‘आओशिओ’, म्हणजे निळ्या भरतीच्या संदर्भात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालच्या थंड थराशी मिसळत नाही आणि तळाशी कुजणारे सेंद्रिय द्रव्य तिथला विरघळलेला प्राणवायू संपवते. भरावासाठी वाळू उपसल्यामुळे समुद्रतळावर पडलेल्या खोल खड्ड्यांत असे निर्जीव पाणी विशेष साचते. उन्हाळ्याच्या अखेरीस ईशान्येचा वारा वरचे पाणी समुद्राकडे ढकलतो, तेव्हा तळाचे पाणी किनाऱ्याशी वर येते, त्यातील हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाचे सूक्ष्म कण बनून पाणी दुधाळ निळे दिसते आणि शिंपले गुदमरून मरतात. ज्या वाळूवर घरे उभी आहेत तिच्याच खड्ड्यांतून हा मृत्यू येतो. जमिनीच्या आणि शिंपल्यांच्या इतिहासाची ही सांगड कोणत्याही बंदिस्त प्रयोगशाळेत इतक्या थेटपणे उलगडणार नाही.

सामाजिक इतिहासही या अभ्यासात यायलाच हवा. १९५८ मध्ये कागद कारखान्याच्या काळ्या सांडपाण्याने मासेमारी बुडू लागली तेव्हा उरायासुच्या कोळ्यांनी जूनमध्ये त्या कारखान्यावर धडक दिली, आणि या संघर्षानंतर त्याच वर्षअखेरीस जपानमध्ये जलप्रदूषणाविषयीचे दोन कायदे झाले. तरीही १९७१ पर्यंत या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क पूर्णपणे सोडले. सानबान्झेच्या उरलेल्या भागावर ७४० हेक्टर भराव टाकण्याची योजना मात्र विरोधामुळे आधी १०१ हेक्टरांवर आली आणि २००१ मध्ये राज्यपाल दोमोतो आकिको यांनी ती रद्द केली. आधीच झालेल्या भरावाची किंमत मात्र शहराला मोजावी लागली: २०११ च्या भूकंपात त्याची माती हादऱ्यांनी पातळ होऊन, म्हणजेच भूद्रवीकरण होऊन, रस्ते व घरे खचली.

मुंबईकर विद्यार्थ्याला याच तऱ्हेचा किनारा ठाण्याच्या खाडीत उपलब्ध आहे, जिथे २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला. भारतातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करू देते, ही मोठी सोय आहे. पण खाडीच्या अभ्यासाला एवढा काळ पुरणार नाही, कारण पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्याने क्षारता घसरते आणि गाळातील जीवसमूहाची घडण बदलते, म्हणून मे महिन्यात मोजलेल्या त्याच चौकटी ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजाव्या लागतात.