मऊ पिसाची माशी

नेरुळला माझ्या टेबलावर छोट्या शिकंज्यात चौदा नंबरचा गळ धरलेला असतो. शेजारी नारिंगी रेशमाचं रीळ आणि गावठी कोंबडीची पिसं. सॉफ्ट हॅकल, म्हणजे मासेमारीसाठी गळावर बांधायची मऊ पिसाची नकली माशी, एवढ्यावर होते.

रेशमाचे वेढे देत गळाच्या वाकापर्यंत जायचं आणि परत यायचं, की झालं अंग. मग मानेकडचं पीस घ्यायचं, बुडाचा भुरा उपटायचा, शेंडा गळाच्या डोळ्यामागे बांधायचा आणि पिसाचे दीड-दोन वेढे द्यायचे. तिसऱ्या वेढ्याचा मोह होतो, तो आवरावा. दाट माशी पाण्यात ताठरते. विरळ असली की धारेबरोबर तंतू मागे मिटतात, पुन्हा उघडतात. तळातून वर येऊन पंख उघडणारा किडा असाच धडपडतो, आणि माझ्या मते मासा रंगापेक्षा त्या धडपडीलाच जास्त भुलतो. म्हणून इथे कोंबड्याचं कडक पीस चालत नाही. ते तरंगत्या माशीला.

ही माशी उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या नद्यांवर घडली. तितराचं पीस आणि नारिंगी रेशीम ही तिथली नावाजलेली जोडी. एडिंबरोच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांनी १८५७ च्या आपल्या पुस्तकात मऊ पिसाची बाजू मांडली. पुढे तरंगत्या माशीचा बोलबाला झाला. १९७५ मध्ये सिल्व्हेस्टर नेम्स यांच्या पुस्तकाने अमेरिकेत हिला पुन्हा मान मिळवून दिला.

तिकडे ही माशी ट्राउट माशासाठी बांधतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत ट्राउट नाही, महसीर आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या दख्खनी महसिराचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांची वीज कंपनी सत्तरच्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवते आहे. हा मासा गळाला लागलाच, तर ओल्या हाताने सोडून द्यावा.

पिसाचं मात्र निक्षून सांगतो. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना लाखेच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. परदेशातल्या सॅल्मनच्या माश्यांसाठी त्यांना एवढी मागणी आली की हा पक्षी पिसांपायी मारला गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला आणि आपल्या तितरालाही संरक्षण आहे. मऊ पिसाच्या माशीला तर रानातलं काहीच लागत नाही. कोंबडीवाल्याकडे टाकून दिलेली पिसं मागा, साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि कुणी रानकोंबड्याचं पीस विकायला आणलं, तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.