हे काय आहे? : स्पॅनिशमधील एक विचारणा

परक्या शहरात उतरल्यावर माणूस पहिली चौकशी करतो ती इमारतींची. म्हणूनच स्पॅनिशच्या सुरुवातीच्या धड्यांत पोस्ट, चर्च, स्टेशन, बँक यांची वर्दळ असते. हे धडे सोपे समजून विद्यार्थी भराभर पुढे सरकतो. पण भाषेच्या काही किल्ल्या तिथेच ठेवलेल्या असतात आणि त्यांतली एक मराठी माणसाच्या खिशात आधीपासूनच आहे.

समोर एखादी भव्य वास्तू आहे, पण ती कसली हे ठाऊक नाही. अशा वेळी आपण 'हा काय आहे?' म्हणत नाही, 'ही काय आहे?' असेही नाही. आपण विचारतो, 'हे काय आहे?' नावच माहीत नाही, तर लिंग कसे ठरवणार? उत्तर आले की मगच तो वाडा होतो, ती मशीद होते, ते देऊळ होते. स्पॅनिशची रीत नेमकी हीच. 'के एस एस्तो?' म्हणजे 'हे काय आहे?' उत्तर येते, 'एस उन मुसेओ' (म्युझियम आहे) किंवा 'एस उना इग्लेसिया' (चर्च आहे). 'उन' पुल्लिंगी, 'उना' स्त्रीलिंगी. लॅटिनमध्ये तीन लिंगे होती. स्पॅनिश नामांनी नपुंसकलिंग टाकून दिले, पण 'एस्तो'सारख्या सर्वनामांत ते टिकून राहिले. ही खुबी इंग्रजीच्या 'धिस'वरून किंवा हिंदीच्या 'यह'वरून उमगत नाही, मराठीवरून चटकन उमगते. (उच्चार लॅटिन अमेरिकेच्या धाटणीचे दिले आहेत, माद्रिदकर काही ठिकाणी 'स'चा 'थ' करतात.)

मात्र हीच किल्ली पुढच्या दाराला अडकते. 'हे संग्रहालय'च्या चालीवर 'एस्तो मुसेओ' म्हणण्याचा मोह होतो. ते चूक. 'एस्तो' एकटेच वावरते, नामाला चिकटत नाही. नाम आले की 'एस्ते मुसेओ', 'एस्ता इग्लेसिया'. शिवाय आपण 'हे' आणि 'ते' यांवर भागवतो, तर स्पॅनिशच्या तीन पायऱ्या आहेत : जवळचे 'एस्तो', ऐकणाऱ्यापाशी असलेले 'एसो' आणि दोघांपासून दूरचे 'आकेयो'.

खरी कसोटी लागते ती आपल्या 'आहे'पाशी. 'आय उन बांको पोर आकी?' म्हणजे इथे जवळपास एखादी बँक आहे का? कोणतीही चालेल. 'दोंदे एस्ता एल बांको दे एस्पान्या?' म्हणजे बँक ऑफ स्पेन कुठे आहे? ती एकच. अस्तित्वाला 'आय', ठिकाणाला 'एस्ता' आणि ओळखीला 'एस'. कायमच्या गोष्टीला 'एस' व तात्पुरत्या गोष्टीला 'एस्ता' असा एक ठोकताळा सांगितला जातो, पण इमारतीपाशी तो साफ कोसळतो. शतकानुशतके जागची न हललेली वास्तूसुद्धा 'एस्ता'च. उलट ओळख बदलू शकते, तरी तिला 'एस'च लागते.

माद्रिदच्या सिबेलेस चौकातली राजवाड्यासारखी इमारत पाहा. ती 1919 मध्ये टपाल-तार खात्यासाठी सुरू झाली. 2007 पासून तिथे नगरपालिका आहे. आज 'के एस आकेयो?' विचारले तर 'एस एल आयुंतामिएंतो' (नगरपालिका आहे) असे उत्तर मिळेल आणि एखादा म्हातारा पुस्ती जोडेल, 'आंतेस एरा कोर्रेओस' : पूर्वी पोस्ट होते. त्याच शहरातल्या रेइना सोफिया या कलासंग्रहालयाची जुनी वास्तू पूर्वी 'ओस्पिताल' होती. हा शब्द आपल्या कानाला परका नाही, कारण 'इस्पितळ' आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले.

कोर्दोबात हा साधा प्रश्न जपूनच विचारावा. तिथली आठव्या शतकात बांधायला घेतलेली मशीद 1236 मध्ये कॅथीड्रल झाली. आत कमानींची रांगच रांग आणि मधोमध ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. तिला 'मेस्कीता' म्हणावे की 'कातेद्राल', यावर अजून वाद होतात. विद्यार्थ्याचे सुदैव एवढेच की दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. 'एस उना' इथपर्यंत तरी कोणाचे भांडण नाही.