सुईच्या टोकावरचा कचरा

कोल्हापुरात एखादा जुना वाडा आवरायला काढला की माळ्यावरून पितळी भांडी, लग्नातले फोटो आणि एखादा रेकॉर्ड प्लेअर खाली येतो. बऱ्याचदा ती एचएमव्हीची फिएस्टा असते, झाकण लावलं की बॅगेसारखी उचलून नेता येणारी. घरातला एखादा हौशी पोरगा ती दुरुस्त करून आणतो. मग आजोबांच्या आवडीची सुधीर फडक्यांची तबकडी लागते. फडके, म्हणजे बाबूजी, इथलेच, 1919 साली कोल्हापुरातच जन्मलेले. पण आवाज घोगरा येतो, ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे होतात. घरातले निकाल देऊन मोकळे होतात: रेकॉर्ड गेली.

पुष्कळदा रेकॉर्ड गेलेली नसते. सुईच्या टोकावर कचरा बसलेला असतो, आणि तो काढायला अर्धं मिनिट पुरतं. हे अर्धं मिनिट नीट कसं वापरायचं ते समजून घ्यायचं तर आधी सुई काय करते ते पाहायला हवं.

आपण सुई म्हणतो ते खरं तर हिऱ्याचं टोक. ॲल्युमिनियमच्या केसासारख्या बारीक नळीच्या शेंड्यावर ते चिकटवलेलं असतं. नळीचं दुसरं टोक रबराच्या चकतीत रुतलेलं असतं. हल्लीच्या पुष्कळ प्लेअरमध्ये त्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो. तबकडीवरच्या खाचेच्या भिंती जशा वळतात तसं टोक हलतं, त्याबरोबर चुंबक हलतो, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच पुढे ॲम्प्लिफायरकडे जाते. फिएस्टासारख्या जुन्या घरगुती यंत्रांत चुंबकाच्या जागी स्फटिकाची किंवा सिरॅमिकची पट्टी असते. ती दाबली-वाकली की वीज देते. टोकही तिथे पुष्कळदा हिऱ्याचं नसून कृत्रिम नीलमण्याचं असतं, आणि ते फार लवकर झिजतं.

आता मापं बघा. एलपीसाठी वापरतात त्या साध्या गोल टोकाची त्रिज्या साधारण 15 ते 18 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड. म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसतं ते टोक नसतंच, नळीचा शेंडा असतो. या टोकावर दीड-दोन ग्रॅम भार टाकलेला असतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण टोक खाचेच्या दोन भिंतींना इतक्या कमी जागेवर टेकतं की चौरस सेंटिमीटरचा हिशोब केला तर दाब शेकडो किलोंच्या पुढे जातो. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, आत लेबलजवळ हाच वेग निम्म्याहून कमी होतो. वीस मिनिटांच्या एका बाजूत सुई चारशे मीटरहून जास्त वाट तुडवते.

एवढ्या वाटेतली सगळी धूळ ती पुढे ढकलत नेते. उसाच्या गाडीचं चाक चिखलाच्या चाकोरीतून जाताना धावेला माती थापली जाते, तसाच हा प्रकार. आधी एखादा तंतू अडकतो. त्याला धूळ चिकटते, धुळीत उदबत्तीची राख आणि फोडणीचा तेलकट वाफारा मिसळतो, आणि दाबाखाली त्याचा घट्ट गोळा होतो. मग टोक भिंतींना पुरतं टेकत नाही. बारीक, जलद वळणं आधी सुटतात, म्हणून ‘स’ फाटतो, झांज घासल्यासारखी वाजते. आत लेबलजवळ वेग कमी असल्याने तीच वळणं अधिक दाटीने बसवलेली असतात. त्यामुळे बिघाड शेवटच्या गाण्यात पहिल्यांदा कळतो. पहिलं गाणं छान आणि शेवटचं खरखरीत वाजत असेल तर तबकडीला दोष देण्याआधी सुईकडे बघावं.

बघायचं कसं? गुजरीत सराफाच्या डोळ्याला लावलेलं असतं तसलं दहापटीचं भिंग पुरतं. प्लेअर बंद, आवाजाचं बटण शून्यावर, आणि उजेड बाजूने टाका. स्वच्छ टोकावर प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो. घाणेरड्या टोकाभोवती करड्या रंगाची गोणपाटी दाढी दिसते. मळ दिसायला दहापट भिंग पुरतं, झीज ओळखायला मात्र पुरत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो. तेव्हा भिंगातून बघून ‘सुई अजून चांगली आहे’ असं ठरवू नये.

आता साफसफाई. लागतो तो आखूड, थोडा ताठ, बारीक केसांचा ब्रश. सुईसाठीचा तयार ब्रश मिळतो. तो नसेल तर चित्रकलेचा बारीक ब्रश घ्यावा आणि त्याचे केस अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावेत. ब्रश कोरडा हवा. तो मागून पुढे ओढायचा, म्हणजे सुई धरणाऱ्या आर्मच्या बुडाकडून आपल्या बाजूला. तबकडी सुईखालून ज्या दिशेला सरकते तीच ही दिशा. या दिशेने ओढ घेण्यासाठीच नळी आणि रबर बसवलेलं असतं. पुढून मागे रेटलं की नळी मागे ढकलली जाते, वाकते, कधी टोकच निखळतं. आडवा ब्रश तर मुळीच फिरवू नये. दोन-तीन हलके झटके झाले की काम संपलं. मी तरी प्रत्येक बाजू लावण्याआधी हे करतो, आणि रोज ऐकणाऱ्याला याहून वेगळं फारसं काही करावं लागत नाही.

बोट लावू नका, कितीही हलकं असलं तरी. बोटाला तेल असतं, आणि बोटाचा अंदाज ग्रॅममध्ये चालत नाही. तोंडाने फुंकरही नको, फुंकरीबरोबर लाळेचे थेंब उडतात. ॲम्प्लिफायर चालू ठेवून ब्रश फिरवला तर स्पीकरमधून ढोल वाजल्यासारखा आवाज येतो. त्यात स्पीकरचा पडदा जाऊ शकतो.

ब्रशने न निघणारा, भाजल्यासारखा काळा थर राहिला तर मेलामाइनचा स्पंज कामाला येतो. भिंतीवरचे डाग पुसायला ‘मॅजिक इरेझर’ म्हणून विकतात तोच. त्याचा साखरेच्या खड्याएवढा तुकडा कापून थांबलेल्या तबकावर (तबकडी फिरवणाऱ्या थाळीवर), रबरी चटईवर ठेवायचा. लिव्हरने आर्म सावकाश खाली सोडायचा, टोक स्पंजात टेकलं की सरळ वर उचलायचं. असं दोन-तीनदा. टोक स्पंजात असताना काहीही सरकवायचं नाही, ना तबक, ना आर्म. स्पंजाचे कण राहतात, म्हणून शेवटी पुन्हा ब्रश. चिकट जेलच्या डब्याही मिळतात, रीत हीच. शाळेत भिंतीवर कागद चिकटवतात तो लगदा मात्र वापरू नये. त्याचा चिकटपणा टोकावर राहतो आणि पुढची धूळ तिथेच बसते.

द्रवाबद्दल जरा सावध राहावं. टोक नळीला गोंदाने चिकटवलेलं आहे आणि मागे रबर आहे. स्पिरिट दोघांनाही मानवत नाही. फारच गरज पडली तर ब्रशच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा लावावा, थेंब नव्हे. फक्त हिऱ्यापुरतं, मागून पुढे, आणि सुकू द्यावं. ही सूट एलपी वाजवणाऱ्या सुईपुरती. जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना स्पिरिट कधीच लावू नये. त्या लाखेच्या असतात, आणि सुतार चपडी लाख स्पिरिटात विरघळवूनच लाकडाला पॉलिश करतात. तबकडीचंही तेच होईल.

लाखेच्या तबकड्यांचा विषय निघाला आहे तर एक घोळ मिटवायला हवा. त्यांची खाच रुंद, टोक लागतं 65 ते 75 मायक्रॉनचं. एलपीची सुई तिथे घातली तर ती भिंतींवर न बसता तळाशी, साठलेल्या मळात लोळते. ग्रामोफोनच्या काळात पोलादी सुया होत्या. त्या दर बाजूला बदलायच्या, म्हणून टिनच्या डबीत दोनशे-दोनशे यायच्या. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे, ती पोलाद खाई. सुईने झिजायचं आणि तबकडीने टिकायचं असा तो करार होता. जुन्या विजेच्या प्लेअरमध्ये पुष्कळदा एकाच कार्ट्रिजला, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीला, दोन सुया असतात आणि बाजूची दांडी फिरवून हवी ती खाली आणता येते. साफ करताना दोन्ही करा. न वापरलेल्या सुईवरही धूळ बसते.

लाखेच्या तबकड्यांच्या त्या काळात कोल्हापूरच्या दरबारात गायलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःची एकही तबकडी निघू दिली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी मात्र ध्वनिमुद्रणं केली, आणि त्यांतली एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गेली. त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आहे, आणि ती कशी टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची याची चित्रं वेष्टनावर कोरली आहेत. एक फेरा 3.6 सेकंदांचा. ब्रश पाठवला नाही. तिथे घरातली धूळ नाही, दमटपणा नाही, आणि खिचडीला फोडणीही बसत नाही.

आपल्याकडे तिन्ही आहेत. फेब्रुवारी ते मेपर्यंत कोल्हापूरची हवा कोरडी असते. तबकडी कव्हरमधून काढली की स्थिर विद्युत तयार होते आणि धूळ ओढून घेते. या दिवसांत तबकडीवरून कार्बन तंतूंचा ब्रश फिरवणं सुईसाठी सर्वांत मोठी सेवा. पावसाळ्यात गणित उलटतं. स्थिर विद्युत कमी, पण जून ते सप्टेंबर ओल जात नाही आणि कागदी कव्हरांवर बुरशी धरते. तीच खाचेत उतरते. पांढरे ठिपके दिसणारी तबकडी सुईखाली घालू नका, आधी धुवा.

महापुरात बुडालेल्या तबकड्यांना तर हे दुप्पट लागू. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं तेव्हा कपाटांच्या खालच्या कप्प्यांत ठेवलेलं सगळं गाळात गेलं. विनाइलला, म्हणजे एलपीला, पाण्याने काही होत नाही. कव्हर आणि लेबल जातं, खाच शाबूत राहते. पण गाळात वाळूचे कण असतात आणि ते विनाइलपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने पुसलं तर त्यांनीच खाच खरवडली जाते. आधी पाण्याची धार सोडून गाळ वाहू द्यायचा, लेबल उरलं असेल तर ते वाचवत डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यायची आणि सावलीत उभी करून वाळवायची. लाखेच्या तबकडीला पाण्यात फार वेळ ठेवू नये.

आता सुईवरच्या भाराबद्दल. भार कमी ठेवला म्हणजे सुई आणि तबकडी दोन्ही वाचतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे. भार कमी पडला की टोक खाचेत नाचतं आणि भिंतींना ठोकरा देतं. नुकसान त्याने जास्त होतं. कार्ट्रिजच्या कागदावर 1.5 ते 2.5 ग्रॅम लिहिलं असेल तर मधला किंवा वरचा आकडा धरावा. छोटा डिजिटल काटा शंभर-दोनशे मिलिग्रॅमची चूकही दाखवतो. सिरॅमिक कार्ट्रिजला मुळातच जास्त भार लागतो, तिथे दोन ग्रॅमचा हट्ट धरू नये.

एवढं करूनही ‘स’ फाटतच असेल तर सुई बदलायची वेळ झाली. हिऱ्याच्या साध्या टोकाचं आयुष्य 500 ते 1000 तासांचं धरतात. रोज एक एलपी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटं धरली, तर दोन ते चार वर्षं. नीलमणी असेल तर त्याच्या तुलनेत फारच कमी. झिजलेल्या टोकाला सपाट कडा येतात आणि त्या खाच कापत सुटतात, म्हणून काटकसर इथे महागात पडते. चुंबकाच्या कार्ट्रिजमधली सुई पुढे ओढली की निघते आणि नवी तशीच बसते. चुंबकाऐवजी वेटोळं हलणाऱ्या कार्ट्रिजमध्ये सुई सहसा निघत नाही, ते आख्खंच बदलावं किंवा कारागिराकडे द्यावं लागतं. नवी सुई मागवताना कार्ट्रिजवरचा नंबर, आणि एलपीची हवी की 78 ची, हे दोन्ही सांगा. नंबर पुसला गेला असेल तर जुनी सुई फेकू नका, नमुना म्हणून डबीत घालून सोबत न्या.